घामाबद्दल विचारलंच नाही, तर तो दिसणार कसा?

कानाच्या पुढे-खाली असलेली पॅरोटिड ही आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी. तिथली गाठ काढल्यानंतर रुग्णाचं आयुष्य कसं जातं, यावरचे पेपर गेले काही महिने वाचतेय. बऱ्याच पेपरांचा शेवट सारखाच: गुंतागुंत झाली, पण जीवनमानावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. हे वाक्य मी माझ्या सिनॉप्सिसमध्येही घातलं होतं. गाईडनी त्याभोवती गोल केला आणि एवढंच विचारलं, "कशाने मोजलं?"

परत जाऊन पाहिलं, तर अनेक ठिकाणी ईओआरटीसीची एचएन-३५ प्रश्नावली. चांगलीच आहे, मराठीतही मिळते. पण ती केली आहे डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी. गिळणं, बोलणं, दात, तोंड उघडणं, वजन हे त्यात आहे. पॅरोटिडच्या बहुतेक गाठी मात्र कर्करोगाच्या नसतातच. हा रुग्ण नीट गिळतो, नीट बोलतो, त्यामुळे गुण छान येतात. त्याचा त्रास वेगळाच असतो. कानाची पाळी बधिर होते, म्हणजे कानातलं घालताना कळत नाही, दाढी करताना कापतं. कानाखाली खळगा पडतो. आणि काहींना जेवताना गालावर घाम येतो, तो फ्रे सिंड्रोम. लाळेचा निरोप नेणारे तंतू कापले गेल्यावर पुन्हा वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. लग्नाच्या पंगतीत एकच गाल निथळत असेल, तर ते 'मायनर' कसं म्हणायचं? या प्रश्नावलीत घामावर प्रश्नच नाही.

घामाचे आकडे पेपरागणिक एवढे का बदलतात, तेही इथेच कळतं. नुसतं विचारलं की आकडा कमी येतो. गालाला आयोडीन लावून, वर स्टार्च भुरभुरून, आंबट खायला दिलं (ही मायनरची चाचणी) की घामाची जागा काळी-निळी होते आणि आकडा कितीतरी वाढतो. त्यात वेळेचाही घोळ आहे. घाम सुरू व्हायला कित्येक महिने लागतात, तर बधिरपणा पहिल्या वर्षात बहुतेक वेळा कमी होत जातो. मग सहा महिन्यांवर एकदाच मोजलं, तर एक त्रास अजून आलेला नाही, दुसरा ओसरत चाललाय. अशा पेपरातला 'फ्रे' चा आकडा मी तरी गंभीरपणे घेत नाही.

चेहऱ्याच्या नसेचंही तसंच. हाऊस-ब्रॅकमन ही १९८५ची सहा पायऱ्यांची मोजपट्टी जवळजवळ सगळे वापरतात. ती अख्ख्या चेहऱ्याला एकच ग्रेड देते. पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत मात्र बऱ्याचदा एखादीच शाखा दुखावते: डोळा नीट मिटतो, पण हसताना खालचा ओठ एका बाजूला खाली येत नाही. याला कितवी ग्रेड द्याल? दोन डॉक्टर दोन उत्तरं देतील. त्यात कायमचा लकवा राहिलेले रुग्ण थोडे. साठ जणांच्या अभ्यासात असे दोघेच असतील, तर 'लक्षणीय फरक नाही' हे निघणारच. त्याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, हे आपण एमएलाच शिकलोय आणि तरी विसरतो.

पीओआय-८ ही खास पॅरोटिडसाठीची आठ प्रश्नांची प्रश्नावली मला जास्त पटली. घाम, बधिरपणा, व्रण, खळगा तर आहेतच, शिवाय पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का ही भीतीही विचारली आहे. गुंतागुंतीच्या तक्त्यात भीतीला रकाना नसतो! पण तिचे प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचेच, त्यामुळे आधीची स्थिती कळत नाही. म्हणून तिच्या जोडीला मी एक सर्वसाधारण प्रश्नावली शस्त्रक्रियेआधी आणि वर्षानंतर, अशी दोनदा भरून घेणार आहे.

सध्या परवानगी मागून पीओआय-८चं भाषांतर करायला घेतलंय आणि पहिल्याच शब्दावर अडलेय. मी 'बधिरपणा' लिहिलं. ज्या आजींना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बहिरी नाही गं मी, ऐकू येतं मला."