दिवा आला, तरी साप गेला नाही

अंधारात दोरी साप वाटते. दिवा आणला की साप नाहीसा होतो. वेदान्त्यांचा हा दाखला आपल्या ओळखीचा. गी द मोपासाँच्या 'ला फिसेल' म्हणजे 'सुतळी' या 1883 सालच्या कथेत मात्र दिवा येतो आणि साप जागचा हलत नाही.

नॉर्मंडीतले गोदरव्हिल, बाजारचा दिवस. ओशकोर्न नावाचा शेतकरी रस्त्यात पडलेला सुतळीचा तुकडा उचलतो. संधिवातामुळे वाकवत नाही, तरी वाकतो. उपयोगी वस्तू टाकून जाणे त्याच्या स्वभावात नाही. तेवढ्यात दारात उभा असलेला मालांदँ दिसतो. हा खोगीर-लगाम शिवणारा. म्होरकीच्या एका व्यवहारावरून दोघांचे जुने वाकडे. वैऱ्याने आपल्याला सुतळी वेचताना पाहिले, या लाजेने ओशकोर्न तुकडा लपवतो आणि दुसरेच काही शोधत असल्याचे सोंग करतो.

कथेचा जीव या सोंगात आहे. दुपारी दवंडी होते: 500 फ्रँकचे पाकीट हरवले. मालांदँ मेयरला सांगतो, पाकीट उचलल्यावरही हा चिखलात सांडलेले नाणे धुंडाळत होता. पाकीट त्याच्या मनातले. धुंडाळणे मात्र त्याने खरोखर पाहिलेले. आळ वैऱ्याने घेतला, पण त्याला पुरावा ओशकोर्नने स्वतःच्या लाजेतून पुरवला. तो खिशातली सुतळी काढून दाखवतो. इतक्या क्षुल्लक सत्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी एक शेतगडी सापडलेले पाकीट परत करतो. हाच तो दिवा. ओशकोर्न भेटेल त्याला हकिगत ऐकवतो, लोक हसतात. एकाने उचलले, दुसऱ्याकरवी परत केले, एवढाच त्यांचा अर्थ. तो नवे तपशील जोडतो, शपथा घेतो, आणि जितके बारकाईने सांगतो तितका जास्त संशयास्पद ठरतो.

आता कथेची सुरुवात पुन्हा वाचावी. गाय विकत घेणारे शेतकरी तिच्याभोवती घुटमळतात, विकणाऱ्याच्या डोळ्यांत लबाडी आणि जनावरात खोड शोधतात. पहिल्या वाचनात हे नुसते बाजाराचे चित्र वाटते. वास्तविक मोपासाँने तिथेच न्यायालय भरवलेले असते. या गावात चतुराईला मान आहे, त्यामुळे निरपराधपणा ओळखण्याची सवयच कुणाला नाही. त्याहून बोचरी गोष्ट लेखक जाताजाता नोंदवतो: ओशकोर्न स्वतःही अशी लबाडी करू शकला असता, वर तिची फुशारकीही मारली असती. लोकांचा तर्क त्यालाही कळतो, म्हणूनच तो खचतो.

जानेवारीच्या आरंभी तो मरतो. वातातही सुतळीबद्दलच सांगत राहतो. मोपासाँ अश्रू ढाळत नाही, कुणाला दोषही देत नाही. अब्रू माणसाच्या खिशात नसते, शेजाऱ्यांच्या तोंडी असते, हे इतक्या थोडक्या पानांत इतक्या निष्ठुरपणे सांगणाऱ्या कथा फार नाहीत.