समर रिसर्च प्रोग्रॅम: निवड नक्की कशाची होते?

दिवाळीच्या आगेमागे मला येणाऱ्या मेलचा सूर साधारण सारखाच असतो. "ताई, समर प्रोग्रॅमसाठी कुठे कुठे अर्ज करू? माझं सिलेक्शन होईल का?" पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून यादी देता येते आणि अशा याद्या भरपूर फिरत असतात. आज मला यादी द्यायची नाहीये. आज आपण या योजनांकडे एखाद्या प्रयोगाच्या मांडणीकडे बघतो तसं बघूया. योजना कशी रचली आहे, ती रचना कोणाला आत घेते, कोणाला बाहेर ठेवते आणि आत गेलेल्याला शेवटी काय मिळतं?

हे बघणं का गरजेचं आहे? कारण नकार आला की बरेच जण त्यातून एकच अर्थ काढतात: "मी रिसर्चसाठी नाही." विशेषतः संलग्न कॉलेजांतले, जिथे वर्गात शंभर-सव्वाशे मुलं आणि प्रयोगशाळेत चार जणांत एक ब्युरेट असतो. पुढे परदेशात पीएचडीला अर्ज करताना 'आधीचा संशोधनाचा अनुभव' विचारतात, तेव्हा तोच नकार पुन्हा आडवा येतो. म्हणून नकार तुमच्याबद्दल काय सांगतो आणि योजनेबद्दल काय सांगतो, हे वेगळं करता आलं पाहिजे.

एकच संस्था, दोन रचना

जर्मनीच्या डीएएडी या संस्थेच्या दोन योजना शेजारी ठेवून बघा. पहिली 'राइज', जी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दुसरी 'वाइज', भारतीय विद्यार्थ्यांसाठी. दोन्हींचा हेतू एकच: पदवी घेता घेता उन्हाळ्यात जर्मन लॅबमध्ये काम करणं.

राइजमध्ये जर्मनीतले संशोधक आपापले प्रकल्प आधी यादीत टाकतात. विद्यार्थी ती यादी वाचतो, आवडलेल्या प्रकल्पाला अर्ज करतो. वाइजमध्ये उलटं आहे. जर्मन यजमान तुम्हीच शोधायचा, त्यांचं निमंत्रणपत्र तुम्हीच मिळवायचं आणि मग अर्ज करायचा. त्यातही अर्ज कोणत्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी करायचा हे ठरलेलं असतं, म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाचा प्रश्न दारातच मिटतो.

आता विचार करा, वाइजमध्ये खरी निवड कुठे होते? डीएएडीच्या समितीत नाही. ती होते प्राध्यापकाच्या इनबॉक्समध्ये. ज्या संस्थेतले सीनियर आधी जाऊन आलेत, तिथे मेलचा नमुना हातोहात मिळतो, कोणत्या ग्रुपकडून उत्तर येतं हेही माहीत असतं. बाकीचे "रिस्पेक्टेड सर" म्हणून दोनशे मेल पाठवतात आणि एकाचंही उत्तर येत नाही. गुणवत्ता मोजायच्या आधीच ओळखीपाळखी मोजून झालेल्या असतात.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: अनोळखी प्राध्यापकाला नीट मेल लिहिणं हेही संशोधनातलं कौशल्यच आहे. खरंय. मी स्वतः आजही असे मेल लिहिते. पण हे कौशल्य शिकवायचं असेल तर शिकवा, त्याची चाळणी कशाला करता? आणि ते इतकंच आवश्यक असेल तर राइजच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट का?

जुळणी कोणीतरी करून दिली तर

कॅनडातली माइटॅक्स ग्लोबलिंक ही १२ आठवड्यांची योजना या बाबतीत बरी आहे. प्राध्यापकांचे प्रकल्प आधी मांडलेले असतात, तुम्ही पसंती देता, जुळणी संस्था करते. गुणांची अट तिथेही आहे. पण निदान ती लिहिलेली आहे, तुम्ही वाचू शकता.

आपल्याकडे बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. २ महिन्यांची, देशभरातल्या संस्थांमध्ये. इथेही मार्गदर्शक मिळवून देण्याची जबाबदारी अकादमी घेते. तुमच्या हातात असतं ते मार्कशीट, छोटं टिपण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र. या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट मात्र फार कमी जण सांगतात: कॉलेजातल्या शिक्षकांनाही तिला अर्ज करता येतो. माझ्या मते ही एक ओळ बाकी सगळ्या योजनेवर भारी आहे. विद्यार्थी दोन महिने जाऊन येतो आणि पुढच्या वर्षी कॉलेज सोडतो. शिक्षक जाऊन आला तर पुढची वीस वर्षं त्याच्या प्रत्येक बॅचला ते मिळत राहतं. तुमच्या सरांना, मॅडमना हे माहीत नसेल तर आवर्जून सांगा.

शिफारसपत्राचा मुद्दा मात्र दुखरा आहे. जे शिक्षक तुम्हाला रोल नंबरवरून ओळखतात, ते पत्रात 'सिन्सियर, पंक्च्युअल, हार्डवर्किंग' याशिवाय काय लिहिणार? दोष त्यांचा नाही, वर्गाच्या आकाराचा आहे. पण समितीपुढे ते पत्र आणि छोट्या बॅचच्या संस्थेतून आलेलं तपशीलवार पत्र एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी असतात.

८ आठवड्यांचा हिशोब

आता आत गेलेल्यांकडे वळू. ८ आठवडे म्हणजे ४० कामाचे दिवस. पहिला आठवडा आयडी कार्ड, होस्टेल, लॅबमधली सुरक्षितता, कुठली बाटली कुठे असते यात जातो. शेवटचा अहवाल आणि प्रेझेंटेशनमध्ये. उरले ३० दिवस. त्यात रिएजंट यायला दहा दिवस लागले तर? एनएमआरचा स्लॉट पुढच्या आठवड्यात मिळाला तर? माझ्यासारख्या सिंथेसिसवाल्यांच्या लॅबमध्ये ३० दिवसांत एखादी रिॲक्शन तीन-चार वेळा करून बघता येते, कॉलम लावायला शिकता येतं, टीएलसी प्लेट वाचता येते. बस.

हे कमी आहे का? अजिबात नाही. तक्रार आहे ती जाहिरातीच्या भाषेबद्दल. पत्रकात 'अत्याधुनिक संशोधनात सहभाग' असं लिहिलेलं असतं. मुलगा येतो तो पेपरमध्ये नाव येईल या अपेक्षेने, आणि जातो तो "माझं काहीच झालं नाही" असं म्हणत. खरं तर त्याने पहिल्यांदाच एक प्रयोग तिसऱ्यांदा फसताना जवळून बघितलेला असतो. पदवीच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं. इथे ते कोणालाच माहीत नसतं. ८ आठवड्यांची खरी कमाई ती आहे, पण ना पत्रक तसं सांगतं, ना शेवटच्या अहवालात तिला जागा असते. अहवालाचा साचा 'निष्कर्ष' मागतो. मग मुलं निष्कर्ष बनवतात.

या बाबतीत मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'नियस' या उपक्रमाची रचना मला जास्त पटते. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतली मुलं शिबिराला येतात आणि त्यातली काही पुढच्या सुट्ट्यांमध्ये परत येऊन तोच प्रकल्प पुढे नेतात. दोन भेटींच्या मध्ये वाचायला, चूक कुठे झाली त्यावर विचार करायला वेळ मिळतो. संशोधनात हा मधला वेळच तर लागतो.

दुसरं टोक बघायचं तर युरोपातला इरास्मस मुंडुस मास्टर्स घ्या. २००४ पासून सुरू आहे, कमीत कमी दोन देशांत शिकावं लागतं, शिष्यवृत्ती सध्या महिन्याला १४०० युरो. पैशाच्या दृष्टीने उत्तम, आणि बीएससीनंतरच्या मुलांना खरोखर खुला. पण संशोधनाच्या नजरेने बघा. सेमिस्टर बदललं की शहर बदलतं, घर बदलतं, व्हिसाचे कागद पुन्हा. एका लॅबमध्ये मुरायला वेळ मिळतो तो बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रबंधात. तो ३० क्रेडिटचा असेल तर एका क्रेडिटला २५ ते ३० तास या युरोपीय हिशोबाने ७५० ते ९०० तास होतात. आपले ८ आठवडे दिवसाला ८ तास धरून ३२० तास. म्हणजे तिथेही खरं काम उन्हाळी फेलोशिपच्या अडीच-तीन पटच आहे. बाकीचा काळ कोर्सवर्कचा. 'तीन देशांत शिकलो' याचा अर्थ 'तीन लॅबमध्ये संशोधन केलं' असा घेऊ नका.

शिकवतं कोण?

पत्रावर नाव गाइडचं असतं. पिपेट कसा धरायचा, रोटाव्हॅपला फ्लास्क कसा लावायचा, नोटबुकात काय लिहायचं हे सांगणारा मात्र लॅबमधला पीएचडी स्कॉलर असतो. राइजमध्ये हे मान्य केलेलं आहे. तिथे प्रकल्प मांडणारे बरेचसे पीएचडी करणारेच असतात आणि इंटर्न त्यांच्यासोबत काम करतो. आपल्याकडे फॉर्मवर स्कॉलरसाठी रकाना नसतो. ज्याला विचारलंच नाही त्याच्या गळ्यात मे महिन्यात एक इंटर्न पडतो. मग काय होतं? काही जण मनापासून शिकवतात, काही जण ग्लासवेअर धुवायला लावतात. तुमच्या वाट्याला कोण येईल हा निव्वळ नशिबाचा भाग राहतो.

मी आतापर्यंत चार इंटर्नसोबत काम केलंय. सगळ्यात जास्त गुण असलेला विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात कंटाळला, कारण यील्ड येईना. रोटाव्हॅप पहिल्यांदाच बघणारी एक मुलगी रोज संध्याकाळी नोटबुकात "आज काय कळलं नाही" अशी यादी करायची. चारच जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण मार्कशीटमध्ये ती यादी दिसायची सोय नाही, हे तर खरं ना? हजारो अर्ज आले की गुणांची चाळणी सोपी पडते. सोपी आहे म्हणून ती योग्य मोजमाप ठरत नाही.

सक्ती केली की

मग सगळ्यांनाच संधी दिली तर? त्याचंही उदाहरण आहे. इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांत २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी धरलेले आहेत. कल्पना फार चांगली. पण पैसा आहे आणि मार्गदर्शक तुम्हीच शोधायचा आहे, तोही जिथे जवळपास संशोधन करणारी लॅबच नाही अशा जिल्ह्यात. मग प्रकल्प कागदावर होतो, सही मिळते, अहवाल जातो. मी असे अहवाल वाचलेत. त्यातल्या मुलांना मी दोष देणार नाही. योजनेने प्रकल्प मागितला, पण प्रकल्पाची जागा दिली नाही.

मग तुम्ही काय करायचं?

अर्ज जरूर करा. पण जाहिरात वाचताना हे प्रश्न विचारा.

१. यजमान कोण शोधणार, मी की ते? मी असेन तर तयारी सप्टेंबरपासून हवी. पाच-सहा ग्रुप निवडा, त्यांचा एकेक पेपर खरोखर वाचा आणि त्यातल्या एका मुद्द्यावर प्रश्न विचारणारा छोटा मेल लिहा.

२. तारखा जमतात का? आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मेच्या मध्यापर्यंत रेंगाळतात. उशिरा सुरुवात चालेल का, हे अर्जाआधीच विचारा.

३. पैसे आधी मिळणार की नंतर? 'तिकिटाचा खर्च परत मिळेल' याचा अर्थ तिकीट आधी घरच्यांना काढावं लागेल. ही गोष्ट घरी बोलून ठेवा.

४. रोज मी कोणासोबत काम करणार? निवड झाली की त्या स्कॉलरला मेल करा. आम्हाला असे मेल आलेले आवडतात.

५. पैसे माझ्याकडूनच मागतायत का? परदेशी विद्यापीठाच्या नावाने फी घेऊन 'रिसर्च इंटर्नशिप' विकणाऱ्या एजन्सी वाढल्यात. कामाचे पैसे तुम्हाला मिळायला हवेत, तुमच्याकडून जायला नकोत.

आणि नकार आला तर आधी बघा, योजनेची चाळणी नक्की कसली होती. संस्थेच्या यादीत नाव नव्हतं, मेलला उत्तर आलं नाही, सीजीपीए थोडा कमी पडला, या तिन्हींत तुमच्या संशोधनाच्या कुवतीची चाचणी झालेलीच नाही. ती होते फसलेल्या प्रयोगासमोर. तेवढ्यासाठी जर्मनीच लागते असं नाही. जवळच्या विद्यापीठाच्या विभागातला एखादा स्कॉलर गाठा आणि सुट्टीत सहा आठवडे बसू द्याल का, एवढंच विचारा. तेही जमलं नाही तर मला लिहा. शक्य असेल तिथे नाव सुचवेन. मेलमध्ये मार्कशीट जोडू नका, सध्या काय वाचताय आणि त्यात काय कळत नाहीये ते लिहा.