‘ऑफ कलकत्ता’

यूजीन गारफील्ड यांच्या १९८६च्या लेखाचं शीर्षक मी दरवेळी थांबून वाचतो: ‘मॅपिंग कॉलरा रिसर्च अँड द इम्पॅक्ट ऑफ शंभूनाथ डे ऑफ कलकत्ता’. शेवटचे दोन शब्द गाळले असते तरी चाललं असतं. पण फिलाडेल्फियात बसून जगभरच्या शोधनिबंधांचे उल्लेख मोजणाऱ्या या माणसाने डे यांचं नाव गावासकट घेतलं. मला त्यातच या लेखाचा स्वर सापडतो.

गारफील्ड यांचं साधन म्हणजे निबंधाच्या तळाशी बारीक टायपात छापलेली संदर्भसूची. १९६४पासून त्यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने ती उलट्या दिशेने वाचायला शिकवली: निबंधाने कोणाचा आधार घेतला, यापेक्षा त्याचा आधार पुढे कोणी घेतला? दोन जुने निबंध नव्या सूच्यांमध्ये वारंवार एकत्र आले, की नकाशावर ते शेजारी होतात. मग त्यांच्या लेखकांची कधी गाठभेटही झालेली नसो.

आता त्या नकाशातलं डे यांचं काम पाहा. कॉलऱ्याचा जंतू विष सोडत असणार, असं जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४मध्येच म्हटलं होतं. पुरावा हाती येत नव्हता. डे यांनी जिवंत सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि मधल्या पोकळीत जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५३च्या त्या निबंधावर चॅटर्जी यांचं नाव सोबत आहे. १९५९मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव पुरलं, आणि विष सिद्ध झालं. तिथे लेखक एकटे डे. किती थोडक्या सामानात केवढं काम! दोरा, ससा, गाळणी.

त्याच १९५९ साली मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी सशाच्या पिलांवर याच विषाचा प्रयोग मांडत होते. या दोन निबंधांवर एकही नाव सामाईक नाही. सहलेखकांची यादी पाहणाऱ्याला परळ आणि कलकत्ता यांच्यामध्ये रेघच दिसणार नाही. ती दिसायला पुढच्यांच्या संदर्भसूच्या लागतात. सहकार्याचा हा प्रकार मला फार हृद्य वाटतो: दोघांना जोडणारा तिसराच, आणि तोही नंतर आलेला.

त्यात उशीर अटळ असतो. फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुतो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं ते १९६९मध्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, १९७८च्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रणही आलं. घरच्या मोठ्या विज्ञानसंस्थांनी मात्र त्यांना सन्मान दिला नाही. डे १५ एप्रिल १९८५ रोजी गेले. गारफील्ड यांचा लेख छापून आला, तेव्हा त्याला वर्ष होत आलं होतं.