चार अमिनो आम्लांचा माग

संशोधन-निबंधाचे कुणी रसग्रहण करते का? करावे, असे खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रातला एक निबंध वाचून वाटले. प्रसन्ना वेंकटरामन यांच्या प्रयोगशाळेचा हा निबंध २०१४ साली ‘प्रोटीन्स’ या नियतकालिकात आला. विषय गँकिरिन.

पेशीतली नकोशी प्रथिने मोडणाऱ्या प्रोटिआसोमची जुळणी होताना हे लहानसे प्रथिन मदतनीस असते. इथवर सगळे सज्जनपणाचे. पण यकृताच्या कर्करोगात ते भरमसाट वाढते, हे जपानी संशोधकांनी २००० साली दाखवले आणि त्याचे दुसरे रूप उघड झाले. पी-५३ हे रक्षक प्रथिन पेशीला बेलगाम वाढू देत नाही. एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिनची खूण चढवते आणि खूण चढली की प्रोटिआसोम त्याचा फडशा पाडतो. गँकिरिन एमडीएम-२ला बिलगून हाच प्रकार वाढवते. स्वतः काही न कापता, नुसते चिकटून! आरबी या दुसऱ्या रक्षक प्रथिनाचीही तीच गत.

मग ते आणखी कुणाकुणाला चिकटत असेल? गँकिरिन आणि प्रोटिआसोमचा एक घटक यांच्या जोडीची स्फटिकरचना उपलब्ध होती. दोघे भिडतात तिथली चार अमिनो आम्लांची ओळ लेखकांना कळीची वाटली: ई-ई-व्ही-डी. रचना ठाऊक असलेल्या मानवी प्रथिनांत हीच ओळ कुठे उघडी पडली आहे, ते त्यांनी शोधले. ३४ नावे हाती लागली. आठ तपासली, त्यांतली सात खरोखर चिकटली. एवढ्या तोकड्या धाग्यावर असा नेम! उरलेल्या २६ जणांचे काय, ही चुटपुट मात्र राहते.

पुढचा प्रयोग सर्वांत देखणा. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत लेखकांनी गँकिरिनला चिकटणाऱ्यांपैकी क्लिक-१ हे प्रथिन गप्प केले. मग मूळचे क्लिक-१ परत घातले, तेव्हा पेशींची मंदावलेली हालचाल बरीच सावरली. ई-ई-व्ही-डीच्या जागी ए-ए-व्ही-ए असलेले घातले, तेव्हा सावरली नाही. बदल अवघ्या तीन अमिनो आम्लांचा.

एक खडा लागतो. निबंधातली एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन स्तनाच्या कर्करोगाची म्हणून येते. ती मूळची त्वचेच्या मेलॅनोमाची असल्याचे पुरावे तोवर प्रसिद्ध झालेले होते. क्लिक-१चा प्रयोग एमडीए-एमबी-२३१ या वेगळ्या सेल लाइनवरचा, म्हणून त्याला याची झळ लागत नाही. विद्यार्थ्यांनी हा निबंध क्लिक-१च्या प्रयोगापासूनच वाचायला घ्यावा.