रशियन लोककथा आणि एकतीस कार्यांचा तक्ता

विद्यापीठीय वर्गांत रशियन लोककथा शिकविताना प्रारंभ बहुधा व्लादिमिर प्रॉप यांच्या १९२८ च्या ग्रंथापासून होतो. अफानास्येव यांच्या संग्रहातील शंभर कथांचे पृथक्करण करून प्रॉप यांनी ३१ कार्ये व सात पात्रभूमिका निश्चित केल्या. या पद्धतीच्या थोरवीविषयी आम्हांस शंका नाही. चिंता आहे ती तिच्या वर्गातील उपयोगाची.

'सुंदर वासिलिसा' ही कथा घ्यावी. मरणोन्मुख आई आठ वर्षांच्या मुलीच्या हाती आशीर्वादासह एक बाहुली ठेवते. बाहुलीला आधी घास भरवावा लागतो, मगच ती सल्ला देते. पुढे विस्तवासाठी मुलीला बाबा यागाकडे धाडले जाते. आईच्या आशीर्वादाचा उल्लेख ऐकताच बाबा यागा तिला हाकलते, मात्र जळत्या डोळ्यांची कवटी देऊनच. आणि ती कवटी सावत्र आई व तिच्या मुलींची राख करते. विद्यार्थी तक्त्यात 'दात्री', 'जादूची वस्तू' असे लिहून मोकळा होतो. घास आणि आशीर्वाद यांना रकाना नाही.

हा दोष प्रॉप यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे विवेचन केवळ अद्भुतकथेपुरते होते. शीर्षकातील ते विशेषण प्रकाशनाच्या वेळी गळाले. १९४६ च्या ग्रंथात तर त्यांनी या कथांची मुळे दीक्षाविधींत शोधली. वर्ग मात्र १९२८ सालीच थांबलेले असतात!

तक्त्याची मर्यादा राजपुत्र योआसाफाच्या रशियन धार्मिक लोकपदांत स्पष्ट दिसते. 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत 'योआसाफ' झाला. प्रॉप यांचे अखेरचे कार्य विवाह व राज्यारोहण. हा राजपुत्र तर राज्य टाकून अरण्याला आई म्हणून हाक मारतो. ही अद्भुतकथा नव्हे, हे खरेच. पण म्हणूनच ती वासिलिसेशेजारी वाचावी.

येथे आम्हां बौद्ध अभ्यासकांनाही एक मोह आवरावा लागेल. बेन्फाय यांनी १८५९ साली युरोपीय कथांचे मूळ भारतात, विशेषतः बौद्ध परंपरेत दाखविले. स्तासोव्ह यांनी १८६८ साली रशियन वीरगीतेही पूर्वेकडून आल्याचे प्रतिपादिले. एवढे औदार्य पुराव्याला पेलत नाही. त्यापेक्षा मिनायेव यांचा मार्ग आम्हांस अधिक शिकविण्याजोगा वाटतो: पाली ग्रंथांचा हा रशियन पंडित १८७५ साली कुमाऊंत गेला आणि तेथील कथा लोकांच्या तोंडून ऐकून त्याने टिपल्या.