कुजबुजण्याची सोय

एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांनी आजची यंत्रे आधीच पाहून ठेवली होती, असे कौतुकाने सांगण्याचा प्रघात आहे. पुराव्यादाखल बहुधा एक चित्र पुढे केले जाते. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाच्या १८७९ सालच्या वार्षिक अंकातले, जॉर्ज दु मॉरिए यांचे 'एडिसनचा टेलिफोनोस्कोप' हे व्यंगचित्र. अंक निघाला डिसेंबर १८७८ मध्ये. बेलचा टेलिफोन १८७६ चा, एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. एडिसन आता काहीही करील अशी हवा होती आणि 'पंच' तिची टिंगल करीत होते. त्याच अंकात माणसाला हवेत तरंगवणारी एडिसनची अंतर्वस्त्रेही आहेत. त्यांना कोणी भविष्यवाणी म्हणत नाही!

चित्र असे आहे. लंडनच्या विल्टन प्लेसमधले शयनगृह. शेकोटीच्या वर रुंद पडदा आणि त्यावर दूर सिलोनमध्ये टेनिस खेळणारी तरुण मंडळी. बाप नळीतून मुलीला जवळ बोलावतो, कारण त्याला कुजबुजायचे आहे. विचारायचे काय, तर चार्लीच्या बाजूने खेळणारी ती देखणी मुलगी कोण? मुलगी सांगते, ती नुकतीच इंग्लंडहून आली आहे, डाव संपला की ओळख करून देते.

विनोद या कुजबुजीत आहे. अर्ध्या पृथ्वीपलीकडे कुजबुजायचे! मीही हसलो, पण फार वेळ नाही. आमच्या गावात टेलिफोन एकाच दुकानात होता आणि वडील मुंबईला कामाला. त्यांचा फोन आला की दुकानातून निरोप यायचा. आई धावत जाऊन ओट्याखाली उभी राहायची आणि दोरी ताणून रिसीव्हर खाली दिला जायचा. घरातले पैसे संपले, पोराला ताप आहे, हे सगळे दहा गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलावे लागे. यंत्र होते, पण कुजबुजण्याची सोय नव्हती.

म्हणून या चित्रातल्या यंत्रापेक्षा त्याच्या दोन टोकांना कोण बसले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. यंत्र काल्पनिक आहे, बसणारी माणसे मात्र पूर्ण वास्तव आहेत. लंडनहून बोलणारा इंग्रज, सिलोनहून बोलणारी त्याचीच मुलगी आणि जिची चौकशी होते तीही इंग्रज. त्या बेटाचा एकही माणूस या संवादात नाही.

१८७८ चे सिलोन म्हणजे कॉफीचे मळे. १८६९ पासून पानांवर तांबेरा पडू लागला होता, तरी मळे चालू होते आणि ते चालवत होते दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर. त्यांत परैयर, पल्लर, चक्किलियर या अस्पृश्य जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. कंगाणी गावात येऊन उचल देई. मग होडीने मन्नारला उतरायचे आणि जंगलातून पायी कँडीचे डोंगर गाठायचे. वाटेत माणसे मरत. १८७६–७८ च्या दुष्काळात हा ओघ वाढला. या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे.

लंडनला हे कळत नव्हते असे नाही. मुंबई १८७० मध्येच समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली होती. आणि पाहण्याचे यंत्र तर आपल्या माणसांपर्यंत खरोखरच पोचले होते! विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने याच दुष्काळात मद्रास इलाख्यातल्या हाडांच्या सापळ्यांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे काढली. ती माणसे कॅमेऱ्याकडे पाहताना आजही दिसतात. त्यांना कोणी काही विचारले नाही, मग कुजबुजण्याचा प्रश्न कुठला?

कोणी म्हणेल, एका व्यंगचित्रावर एवढे ओझे कशाला? दु मॉरिए यांनी तर आपल्याच वर्गाची खिल्ली उडवली आहे. मान्य. रंगेल बाप त्यांनी मजेदार टिपला आहे. पण सिलोनचे मैदान त्यांनी विचार न करता वापरले आणि न बोलता गृहीत धरलेले हेच समीक्षकाच्या कामाचे असते. पुढे फ्रान्समध्ये आल्बेर रोबिदा याने १८८३ मध्ये हेच नाव घेऊन घरबसल्या नाटक दाखवणारे यंत्र कल्पिले. त्याची प्रतिभा अधिक खट्याळ आहे, पण पडदा लागला तो पॅरिसच्या सुखवस्तू दिवाणखान्यातच.

हे चित्र पुन्हा छापणाऱ्यांनी निदान त्याखालचा संवाद गाळू नये.