केल्म्स्कॉट मॅनर

केल्म्स्कॉट मॅनर : इंग्लंडमधील एक ऐतिहासिक दगडी शेतकरी-घर. ऑक्सफर्डशर परगण्यातील केल्म्स्कॉट खेड्यात, टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आहे. टर्नर या सधन शेतकरी घराण्याने ते सु. १६०० मध्ये बांधले. ‘मॅनर’ म्हणजे जमीनदाराचा वाडा. परंतु हे नाव घरास एकोणिसाव्या शतकात मिळाले.

भिंती स्थानिक चुनखडकाच्या, फारशा न घडविलेल्या दगडांच्या असून खिडक्या उभ्या दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या आहेत. उतरत्या छपरावर कौलेही दगडाचीच आहेत. वळचणीपाशी मोठी आणि आढ्याकडे क्रमाने लहान होत जाणारी कौले हे या छपराचे वैशिष्ट्य. वळचणीकडे पाण्याचा लोंढा वाढतो व वजनदार कौले तेथे पेलणे सोपे जाते. अशा व्यावहारिक सोयीतूनच छपरास लय प्राप्त झाली आहे.

कवी व कारागीर ⇨ विल्यम मॉरिस (१८३४–९६) याने १८७१ मध्ये चित्रकार रोसेटीसमवेत हे घर भाड्याने घेतले. मातीतून व तेथील माणसांच्या जीवनातून आपोआप वाढलेली वास्तू, असा त्याचा या घराविषयीचा अभिप्राय होता. तो मार्मिक असला, तरी अपुरा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडलेल्या ईशान्येकडील भागात खिडक्यांवर अभिजात शैलीतील लहान त्रिकोणी शीर्षे आढळतात. त्यांतून संपन्न होत चाललेल्या शेतकऱ्याची प्रतिष्ठेची आकांक्षा व्यक्त होते. तरीही नवा भाग जुन्याशी विसंगत वाटत नाही. कारण दगड तोच आणि छपराची रीतही तीच. येथील एकात्मता निरागसतेची नसून सामग्रीच्या शिस्तीची आहे.

जुन्या वास्तूंचा कल्पित मूळ रूपात जीर्णोद्धार करू नये, त्यांची केवळ वेळच्या वेळी डागडुजी करावी, या तत्त्वासाठी मॉरिसने १८७७ मध्ये संस्था स्थापन केली. निरनिराळ्या काळांतील भर सामावून घेणारे हे घर त्या तत्त्वाचे बोलके उदाहरण होय. १९६२ पासून ते ‘सोसायटी ऑफ अँटिक्वरीज ऑफ लंडन’च्या मालकीचे आहे. दगड, खिडक्या व छप्पर यांचे जतन झाले; ज्या शेतीच्या व्यवहारातून हे रूप घडले, तो मात्र घरातून लोपला आहे. शेतकऱ्याचे घर कवीचे स्मारक म्हणून टिकले, ही वास्तुजतनाची मर्यादा येथे प्रकर्षाने जाणवते.